चेक इंजिन लाइटचा कोड पुसल्यावर आठवड्याभरात लाइट पुन्हा लागतो. ऑक्सिजन सेन्सर बदलून घ्यावा का?

आत्ता तरी बदलू नका. तुमची गाडी 2016ची पेट्रोल, कोड पी0171, सर्व्हिस सेंटरवाले दर वेळी कोड पुसून देतात आणि आता सेन्सरचं कोटेशन हातात ठेवलंय. नेमकं हेच, याच कोडवर, माझ्या बाबतीत झालंय, म्हणून राहवत नाही.

मी वारज्याला राहते, ऑफिस हिंजवडीत. म्हणजे बायपासवर थोडं पळायचं आणि वाकडला इंजिन चालू ठेवून ताटकळायचं. लाइट ताटकळतानाच लागायचा, पळताना कधीच नाही. हे मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला दर वेळी सांगितलं. तो जॉब कार्डवर ‘चेक इंजिन लाइट’ एवढंच लिहायचा आणि म्हणायचा, “सरांना फोन करून कळवतो.” गाडी माझ्या नावावर, चालवते मी, तक्रार माझी, आणि फोन नवऱ्याला! सर्व्हिस सेंटरवाले मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारायचे, तिथे काहीच व्हायचं नाही, मग कोड पुसून गाडी परत. शेवटी निकाल काय, तर “मॅडम, सेन्सरच गेलाय.”

पी0171 म्हणजे मिश्रण पातळ: हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. सेन्सर फक्त धुरातला ऑक्सिजन पाहून ते कळवतो. कळवणाऱ्यालाच काढून टाकायचं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

मी गाडीतले आकडे फोनवर दाखवणारं ब्लूटूथचं ईएलएम327 अ‍ॅडॉप्टर मागवलं आणि स्टीअरिंगखालच्या ओबीडी (तपासणीच्या) सॉकेटला लावलं. कोड नोंदला जातो त्या क्षणाचे आकडे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जपून ठेवतो, त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात. त्यात दिसलं: वेग शून्य, इंजिन तापलेलं, आरपीएम आयडलचा, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू. म्हणजे मी सांगत होते तेच. मग फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. आयडलला शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून लक्षात ठेवलेला) मिळून अधिक 25 टक्क्यांच्या आसपास, आणि 2500 आरपीएम धरला की 4-5 टक्क्यांवर. हे व्हॅक्युम लीकचं, म्हणजे कुठल्या तरी फटीतून इंजिनात जादा हवा शिरत असल्याचं लक्षण. फट तेवढीच असते, पण आयडलला इंजिन मुळात हवा कमी घेतं, त्यामुळे फटीतून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा होतो. उलट गाडीवर लोड आल्यावर ट्रिम चढत गेला, तर पेट्रोलचं प्रेशर, पंप, फिल्टर बघायचं.

हे स्क्रीनशॉट घेऊन नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेले. त्यांनी आधी फोन हातात घेऊन सगळे आकडे वाचले आणि मलाच विचारलं, “ताई, थंड असताना लागतो का गरम झाल्यावर?” मग इंजिन चालू ठेवून एकेका होजवर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारत गेले. पीसीव्ही होजच्या (इंजिनातले वायू परत आत ओढून घेणाऱ्या नळीच्या) वळणावर फवारा पडला आणि इंजिनाचा आवाजच बदलला. त्यांनी होज बोटाने वाकवला, तर खालच्या अंगाला नखाएवढी चीर उघडली. बोट काढलं की मिटली. वरून बघून ती कुणालाच दिसली नसती. नवा होज काहीशे रुपयांत आला. सेन्सर अजून जुनाच आहे आणि उत्तम चालतोय.

आता लाइट परत का लागतो ते. बहुतेक दोषांसाठी ईसीयू तीच चूक लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (इंजिन सुरू करून बंद करेपर्यंतची एक फेरी) दिसल्यावरच लाइट लावतो. कोड पुसला की लाँग टर्म ट्रिमही शून्यावर जातो आणि ईसीयूला सगळं नव्याने शिकावं लागतं. तेवढे दिवस लाइट बंद राहतो, त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आमचे धाकटे भाऊजी मात्र वर्षानुवर्षं सांगत आलेत, “वहिनी, बॅटरीचा टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा, लाइट जातो.” जातो ना! पण त्याबरोबर फ्रीज फ्रेमही जाते, म्हणजे हातातला एकमेव पुरावा आपणच पुसतो.

ट्रिमचा हा हिशोब एमएएफ (आत शिरणारी हवा मोजणाऱ्या) सेन्सरच्या गाडीला नीट लागू पडतो, माझ्या गाडीत तो आहे. तुमच्या गाडीत फक्त एमएपी (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) असेल, तर लीकमुळे आयडल चढलेला दिसेल आणि ट्रिम कदाचित फारसा हलणार नाही, तेव्हा सरळ स्मोक टेस्ट, म्हणजे धूर सोडून फट शोधायची चाचणी, करून घ्या. सेन्सरच्या आधी सायलेन्सरची पाइप गळत असेल तरी हाच कोड येतो. नंतर बसवलेलं सीएनजी किट असेल तर आधी ते किटवाल्याला दाखवा. आणि सेन्सर खरोखरच खराब निघूही शकतो, पण ते मोजून सिद्ध होऊ दे. कार्ब क्लीनरचा प्रयोग घरी करू नका, तापलेल्या एक्झॉस्टवर पडला तर पेट घेतो. लाइट लुकलुकत असेल तर मात्र ते मिसफायर असतं, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. तेव्हा गाडी बाजूला घेऊन बंदच करा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळेल.

पुढच्या वेळी लाइट लागला की सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी फ्रीज फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा, तो जॉब कार्डला जोडायला लावा आणि ट्रिम किती आला ते लेखी मागा. देत नसतील तर किल्ली परत घ्या. आणि घरात कुणी बॅटरी काढायला पाना घेऊन निघालंच, तर आमच्या भाऊजींना दिलेलं हे उत्तर त्यांनाही वाचून दाखवा.