गोधडीचे तुकडे जोडायला फार वेळ जातो, काम लवकर कसं उरकावं?

घरच्या मशीनवर चौकोन जोडण्यातच महिना जातो आणि पुढं थर सरकतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यातला ‘उरकावं’ हा शब्द वाचला आणि आमच्या थोरल्या जाऊबाई डोळ्यांसमोर आल्या. म्हणून हे एवढं लांबण.

आमच्या कोल्हापुरात गोधडीला वाकळ म्हणतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात शिरली. धोक्याची पातळी 43 फूट, पाणी गेलं 55 च्या वर. मशीन माळ्यावर चढवलं होतं म्हणून वाचलं. सासूबाईंच्या हातच्या लुगड्यांच्या वाकळा मात्र चिखल पिऊन अशा जड झाल्या की एकेक वाकळ चौघांनी धरून बाहेर टाकली. घरात माणसं नऊ. दिवाळीला थंडी पडणार, म्हणजे हातात अडीच महिने आणि निदान पाच वाकळा तरी हव्यात. जाऊबाई सुई-दोरा घेऊन बसल्या, मी मशीनवर. पहिल्याच दिवशी मला ऐकवलं, “वाकळ म्हंजे ऊसतोड हाय व्हय गं, उरकून टाकायला?”

तर वेग. मशीन पळवून वेग येत नाही. मी मोटर बसवून बघितली, पैसे वाया गेले. वेळ जातो तो उठण्या-बसण्यात. दोन तुकडे जोडायचे, दोरा तोडायचा, उठून इस्त्री करायची, परत बसायचं. हे बंद करा. आधी सगळं कापून घ्या, मग सगळं जोडा, मग सगळ्याला इस्त्री. चार बॉबिन आधीच भरून ठेवा. बॉबिन नेमकी रंगात आल्यावरच संपते.

माझं माप सांगते. शिवून सहा इंच व्हावा म्हणून चौकोन साडेसहाचा कापायचा. आडवे दहा, उभे पंधरा, असे दीडशे. म्हणजे वाकळ पाच बाय साडेसात फूट. 44 इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडातून साडेसहा इंची एका पट्टीत सहा चौकोन बसतात, त्यामुळं 25 पट्ट्या आणि सगळं मिळून सव्वाचार मीटर कापड. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारात घ्या, नाहीतर इचलकरंजीहून आणा, पण शिवायच्या आधी धुवा. विशेषतः लाल.

आता माळ. सगळे चौकोन जमिनीवर मांडा. पहिल्या उभ्या ओळीचा चौकोन दुसऱ्या ओळीच्या चौकोनावर सुलट बाजू आत ठेवून शिवा, आणि दोरा न तोडता, दोन-चार टाके रिकामे जाऊ देत, लगेच खालची जोडी सरकवा. पंधरा जोड्यांची माळ होते. मग त्याच माळेला तिसरी ओळ लावायची, मग चौथी. मधले दोरे तोडायचेच नाहीत, कारण कोणती आडवी ओळ कुठं ते त्या दोऱ्यांनाच ठाऊक असतं. वाकळेची वरची बाजू जोडायला मला पूर्वी आठवडा लागायचा, या पद्धतीनं दोन दुपारी पुरल्या.

दुसऱ्या वाकळेच्या सहा उभ्या ओळी लावून झाल्या होत्या. मी दळण आणायला गिरणीत गेले. परत येऊन बघते तर पलंगावर पंधरा पट्ट्या, एकीवर एक, काठाला काठ लावून, इस्त्रीच्या दुकानात ठेवतात तशा. शेजारी पेल्यात कापलेले दोरे. जाऊबाई म्हणाल्या, “आगं, दोरं लोंबत हुतं सगळं. बरं दिसत नव्हतं. कापून ठेवलं तुझं.” वर चहा टाकला होता माझ्यासाठी. त्या माणसाला काय बोलणार? मी बोलले. दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता.

पट्ट्यांचा क्रम मी अंदाजानं लावला. फोटो काढला नव्हता, नंबरही टाकले नव्हते. ती चूक माझी. तुम्ही प्रत्येक आडव्या ओळीच्या पहिल्या चौकोनाला चिठ्ठी टाचा.

मार्जिन, म्हणजे शिलाईबाहेर सोडायची कड, दोन सूत (पाव इंच), एक धागा इकडं-तिकडं नको. सुईपासून दोन सूत मोजून मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासत न्या. पहिल्या वाकळेत पट्टी न लावता मी नजरेवर गेले. अर्धं सूत जास्त जात होतं. दहा चौकोनांच्या ओळीत नऊ सांधे, सांध्याला दोन्हीकडून मिळून एक सूत, म्हणजे नऊ सूत ओळ आखूड. इंचाच्या वर! मग ओढून-ताणून बसवलं आणि मधे पोळी फुगावी तसं कापड फुगलं. जाऊबाईंनी त्यावर हात फिरवला, बोलल्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

इस्त्री करताना एका ओळीचं मार्जिन डावीकडं पाडा, तिच्या खालच्या ओळीचं उजवीकडं. मग ओळी जोडताना सांध्यात सांधा अडकतो, बोटाला कळतं, टाचण्या निम्म्यानं कमी लागतात. मशीनची सुई दर वाकळेला बदला. आमच्याकडं ती मोडेपर्यंत वापरायची रीत आहे आणि मग “मशीन टाके सोडतंय” म्हणून मेकॅनिक बोलावतात.

थर सरकण्याचं काय, ते मला फारसं विचारू नका. वीतभर अंतरावर लांब कच्चे टाके घालून तिन्ही थर आधी बांधून घेते. पुढचा धावदोरा हातानंच, काठापासून फेऱ्या घालत आत. मशीनवर तो मला जमत नाही. पाचही वाकळांचा धावदोरा शेवटी जाऊबाईंनीच घातला. त्यांचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एका रांगेत. दिवाळीच्या आत पाच वाकळा झाल्या त्या माझ्या माळेमुळं, असं मी म्हणते. त्या काय म्हणतात, तुम्हाला कळलंच असेल.

आणि हो, हे सगळं कोऱ्या सुती कापडाचं. जुनेरं वापरणार असाल तर माळ घाई करते, विरलेलं कापड सुईखाली फाटतं. तिथं सावकाशच जावं लागतं. हे जाऊबाईंना सांगू नका.

ती दुसरी वाकळ आता मुलाच्या पलंगावर आहे. पाचव्या आणि सहाव्या आडव्या ओळीत दोन लाल चौकोन एकाखाली एक आलेत. जाऊबाई आल्यागेल्याला अजून दाखवतात, “ही मशीनची घाई.”