काकांचं अर्धं राहिलेलं वाक्य

प्रश्न : ताई, मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. सकाळच्या मीटिंगमध्ये कुणी बोलायला लागलं की मला उत्तर सुचतं आणि मी मध्येच बोलून टाकतो. गेल्या महिन्यात बोअरचा, म्हणजे नगाला पाडलेल्या भोकाचा, साइज टॉलरन्सबाहेर (ठरलेल्या मर्यादेबाहेर) जात होता. लाइनवरचे काका म्हणाले, "साहेब, जेवणाची सुट्टी झाली की..." मी त्यांना तोडलं. म्हणालो, "इन्सर्ट घासलाय, बदला." आठवडाभर इन्सर्ट (मशिनमधली कापणारी टोकं) बदलले, रिजेक्शन तेवढंच. सुट्टीत मशिन गार पडायचं आणि नंतरचे पहिले काही नग बिघडायचे. काकांना तेच सांगायचं होतं. आता ते मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाहीत. माझे साहेब म्हणतात, आधी ऐकायला शिक. पण गप्प बसलो तर याला काही येत नाही असं सगळ्यांना वाटेल, ही भीती आहे. काय करू?

उत्तर : काकांचं ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. "जेवणाची सुट्टी झाली की" एवढ्यातच अर्धं निदान झालं होतं, रे. तुझ्या रिपोर्टात दिवसाचे खराब नग किती, ते येतं. ते कधी बिघडतात, हे दिवसभर लाइनवर उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं.

तू उद्धट नाहीस. उद्धट माणसाला काका गप्प झालेले कळलेही नसते. समोरच्याचं संपायच्या आत उत्तर जुळवणं ही सगळ्यांचीच सवय. 2009 साली दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्साच जातो, असं त्यात दिसलं. एवढ्यात एक शब्दही धड जुळत नाही, म्हणजे तयारी आधीपासूनच चालू असते. गप्पांमध्ये हे खपून जातं. पण आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं. मध्येच तोडलं की नेमकं काय घडलं तेच ऐकायचं राहतं.

आता भीतीचं. उद्यापासून वही उघडी ठेव आणि बोलणाऱ्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून घे. हात चालू असला की जीभ आवरते. लिहून झालं की त्यातलंच विचार : "काका, सुट्टीनंतर म्हणजे साधारण कितव्या नगापर्यंत?" असं विचारणाऱ्याला काही येत नाही, असं कुणीही म्हणणार नाही. उत्तर ठाऊक नसेल तर "लाइनवर बघून दुपारपर्यंत सांगतो" म्हण. आणि दुपारपर्यंत सांगच, नाहीतर पुढच्या वेळी त्या शब्दाला किंमत राहणार नाही.

प्रश्न विचारल्यावर मात्र थांब. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी शाळांच्या वर्गांत हे मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबायचे. ते तीन सेकंद थांबायला लागले तशी मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे एक सावकाश श्वास. सुरुवातीला तो फार मोठा वाटेल, पण घे.

साहेबांना काही पटवून द्यायला जाऊ नकोस, त्यांना दिसेलच. मला काळजी आहे ती काकांची. तू त्यांना चारचौघांत तोडलंस, तेव्हा चारचौघांतच सांग : "मशिन गार पडतं हे काका पहिल्याच दिवशी सांगत होते, मी ऐकून घेतलं नाही." एवढंच. लांबवलंस तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल. मग जेवणाची सुट्टी संपताना लाइनवर जा, पहिला नग निघेपर्यंत त्यांच्या शेजारी उभा राहा आणि विचार, "काका, अजून काय जाणवतंय?" पहिल्या दिवशी ते "काही नाही, साहेब" म्हणतील. दुसऱ्या दिवशीही जा.