चाकं हलकी करायचीत? आधी टायर काढून काट्यावर ठेवा

माउंटन बाइकच्या चाकांवर यावेळी बरेच प्रश्न आलेत, म्हणून बाकीचे पुढच्या अंकात ढकलून हे एकत्रच घेतोय.

प्रश्न : दादा नमस्कार. माझ्याकडे २९ इंची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन) आहे, अलॉय फ्रेम, डिस्क ब्रेक, दुकानातनं आणली तशीच आहे, काहीच बदललेलं नाही. सगळी मिळून साडेपंधरा किलो भरते, माझं वजन ७४. सकाळी यवतेश्वरचा घाट चढतो, रविवारी कच्च्या रस्त्याला. ग्रुपमधले म्हणतात चाकातला एक किलो म्हणजे फ्रेममधले दोन किलो, तेव्हा पहिली चाकं बदल. एकजण त्याची वापरलेली कार्बन चाकं द्यायला तयार आहे. ती घेऊ का, आणि नाही घेतली तर दहा-बारा हजारात काय होईल? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ग्रुपमधलं वाक्य अर्धं खरं आहे. रिमवरचा आणि टायरमधला ग्रॅम सायकलबरोबर पुढेही जातो आणि वर गोलही फिरतो, म्हणून वेग वाढवताना तो साधारण दुप्पट धरायचा. पण फक्त वेग वाढवताना. घाटात तुम्ही एका लयीत आठ-नऊच्या स्पीडने चढताय, तिथे वेग वाढवायचा प्रश्नच फारसा येत नाही, तिथे वजन म्हणजे वजन, मग ते टायरमध्ये असो, बाटलीत असो नाहीतर पोटावर असो. आणि हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातलं, वजन तर मध्याशीच असतं, ते दुप्पट कधीच होत नाही, वेग वाढवतानासुद्धा नाही.

आता हिशोब करू. तुम्ही, सायकल, पाणी, हेल्मेट सगळं मिळून ९० किलो धरा. चाकांतून अर्धा किलो काढला तर एकूण वजनात अर्ध्या टक्क्याच्या किंचित वर फरक पडला. घाटाला ४० मिनिटं लागत असतील तर तेरा-चौदा सेकंद वाचले. बस्स. सिग्नलवरून सुटताना तोच अर्धा किलो एक किलोसारखा वागेल, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आतच. त्यामुळे "चाकं बदलली आणि सायकल उडायलाच लागली" असं कोणी सांगितलं तर त्याला विचारा, टायर पण बदललेस का. बहुतेक वेळा बदललेले असतात, आणि उडण्याचं श्रेय त्या टायरच्या रबराचं असतं, रिमचं नसतं.

अजून एक गोष्ट लोक विसरतात. जड चाकाला फिरवायला जास्त जोर लागतो हे खरं, पण तो जोर लगेच वाया जात नाही, चाकात साठतो आणि तुम्ही पेडल सोडलं की परत मिळतो. वाया कधी जातो, तर ब्रेक दाबल्यावर, तेव्हा डिस्क गरम होऊन सगळं हवेत. म्हणून सरळ डांबरी घाटात हलक्या चाकाचा फायदा कमी आणि रविवारच्या वळणावळणाच्या वाटेवर, जिथे ब्रेक, परत जोर, परत ब्रेक असं चालू असतं, तिथे जास्त. शिवाय तिथे पुढचं चाक दगडावरून उचलायला आणि हँडल फिरवायला हलकं लागतं, हे सेकंदांत मोजता येत नाही पण हाताला लगेच कळतं. म्हणजे करायचं की नाही, तर करा, पण घाटातल्या टायमिंगसाठी नाही.

आता वजन नेमकं कुठे बसलंय ते बघू. तुमच्यासारख्या सायकलला कंपनीतून तारेच्या कडेचा टायर येतो, म्हणजे कडेला आत लोखंडी तार, घडी केली तर होत नाही. २९ बाय २.२५ मध्ये असा टायर आरामात आठशे ग्रॅम किंवा जास्त भरतो. आत ब्यूटाइलची ट्यूब, ती दोनशे-सव्वादोनशे. रिम साडेपाचशे-सहाशे. आता रिम बदलायची म्हणजे आरे उलगडायचे, नवीन मापाचे आणायचे, परत विणायचे, आउट म्हणजे चाकाची डगमग काढायची, आणि एवढं सगळं करून चाकामागे दीडशे ग्रॅम वाचणार. तेवढंच वजन टायर बदलून वाचतं आणि ते काम तुम्ही घरी दोन लिव्हर घेऊन करू शकता. माझं मत साफ आहे, पैसा बाहेरून आत लावायचा, आधी टायर-ट्यूब, मग आरे-रिम, आणि हब सगळ्यात शेवटी. दुकानदार नेमकं उलटं सांगतो कारण हबचा आवाज भारी येतो आणि गिऱ्हाईक खूश होतं.

फोल्डिंग टायर म्हणजे कडेला तारेऐवजी अरामिडचा धागा असलेला. क्रॉस कंट्रीचा चांगला फोल्डिंग टायर याच मापात साडेसहाशे-सातशेला येतो. चाकामागे सव्वाशे-दीडशे ग्रॅम तिथेच गेले. पाचशे ग्रॅमचे पण मिळतात, पण ते घेऊ नका, त्यांची बाजू इतकी पातळ असते की आपल्याकडच्या धारदार मुरमावर एक दिवस उभी चिरणार आणि मग तुम्ही सायकल हातात धरून घाट उतरणार.

मग ट्यूब. दोन रस्ते आहेत. एक टीपीयूची ट्यूब, ती पातळ प्लॅस्टिकसारखी दिसते, २९ च्या मापात साठ-ऐंशी ग्रॅमची, म्हणजे चाकामागे एकशेचाळीसच्या आसपास वाचतात. किंमत साध्या ट्यूबच्या तीन-चार पट. ती टायरमध्ये घालायच्या आधी हातात धरून जास्त फुगवायची नाही, एकदा ताणली की परत आकसत नाही, आणि पंक्चरला नेहमीचं सोल्यूशन-पॅच चालत नाही, तिचा वेगळा पॅच येतो. दुसरा रस्ता ट्यूबलेस. इथे लोकांची थोडी निराशा होते कारण ट्यूब गेली तरी सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रव, आलं, २९ च्या टायरला शंभर-एकशेवीस मिली, ते साधारण तेवढेच ग्रॅम, वर टेप आणि व्हॉल्व. म्हणजे निव्वळ नव्वदएक ग्रॅम वाचतात. टीपीयू याहून हलकी पडते, हे ट्यूबलेसवाले सांगत नाहीत.

तरी मी तुम्हाला ट्यूबलेसच सांगेन आणि त्याचं कारण वजन नाही, बाभळीचा काटा. ट्यूब असेल तर काटा म्हणजे पंक्चर, सीलंट असेल तर काटा उपसला, चाक अर्धा फेरा फिरवलं, पांढरा फेस आला आणि थांबला. आणि ट्यूब दगडावर चेपून फुटायची भीती गेली की हवा कमी ठेवता येते. तुमच्या वजनाला ट्यूबमध्ये तीसच्या आसपास पीएसआय ठेवत असाल तर ट्यूबलेसमध्ये बावीस-चोवीस ठेवून बघा, कच्च्या रस्त्यावर टायर दगडावर उड्या मारायचा थांबतो, पकड वाढते आणि सायकल पुढे सरकते. हा फरक अर्धा किलो वजनापेक्षा जास्त जाणवेल. ट्यूबलेस काही नवीन पण नाही, १९९९ मध्ये मॅविकने हचिन्सन आणि मिशलिनबरोबर माउंटन बाइकसाठी यूएसटी नावाची ट्यूबलेस पद्धत आणली होती, पण त्यात टायरलाच आतून हवाबंद थर असल्यामुळे ते टायर जड पडायचे, हलकं करायची खरी सोय पातळ टायर आणि सीलंट या जोडीने झाली.

पण थांबा, तुमच्या रिमला ट्यूबलेस बसेल का ते आधी बघा. टायर-ट्यूब काढा, आतली रबरी पट्टी काढा. रिम दुहेरी भिंतीची आहे का, म्हणजे आऱ्यांचे निपल (आरा आवळणारे छोटे नट) खोल खड्ड्यात दिसतात का. सिंगल भिंतीची असेल तर विषय संपला, टीपीयू घाला. दुहेरी असेल तर जोड बघा, व्हॉल्वच्या बरोबर समोर असतो. स्वस्त रिममध्ये तो वेल्डिंगचा नसून नुसता खिळ्यांवर दाबून बसवलेला असतो आणि तिथनं हवा झिरपते, टेप त्या जागी दोन पदरी घ्यावी लागते. मग व्हॉल्वचं भोक. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना मोटरसायकलसारखा श्रेडर व्हॉल्व असतो, भोक साडेआठ मिलीचं, प्रेस्टाचं असतं साडेसहा. मोठ्या भोकात प्रेस्टाचा ट्यूबलेस व्हॉल्व हलत राहतो आणि गळतो, तेव्हा श्रेडरचाच ट्यूबलेस व्हॉल्व मागवा, मिळतो. आणि टायर 'ट्यूबलेस रेडी' लिहिलेलाच घ्या. जुन्या तारेच्या टायरवर प्रयोग नको, त्याची बाजू पाझरते आणि कड रिममधून निसटली तर सगळं सीलंट अंगावर.

बसवताना कडेला साबणाचं पाणी फिरवा, व्हॉल्वची आतली पिन काढा आणि कॉम्प्रेसरने एकदम हवा मारा. टक, टक असे दोन मोठे आवाज येतील, घाबरू नका, कडा जागेवर बसल्या. मग हवा सोडून व्हॉल्वमधून सीलंट ओता, पिन लावा, हवा भरा, चाक आडवं धरून हलवत हलवत फिरवा, दोन्ही बाजूंनी. आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं, मधे तपासत राहा.

आता मित्राची कार्बन चाकं. पैशांचं नंतर बोलू, आधी ती बसतात का ते बघा. तुमची सायकल मी न बघता सांगतोय, पण अशा सायकलला मागे १३५ मिलीचा हब आणि क्विक रिलीज, म्हणजे खटक्याने सुटणारा बारीक दांडा, असायची शक्यता जास्त, आणि अलीकडची कार्बन चाकं बूस्ट, म्हणजे रुंद हबची, असतात, मागे १४८ आणि जाड अ‍ॅक्सल. १४८ चं चाक १३५ च्या फ्रेममध्ये जात नाही, अ‍ॅडॉप्टर नाही, वाकवून नाही, काहीच नाही. मागे आट्यांवर फिरवून बसवलेला सात स्पीडचा फ्रीव्हील असेल तर अजून पंचाईत, कारण त्या चाकांवर कॅसेट, म्हणजे हबवर सरकवून बसवायचा दात्यांचा संच, लागते, मग शिफ्टर, डिरेलर, चेन अशी रांग लागते. बारा हजारात दोन चांगले फोल्डिंग टायर, टेप, व्हॉल्व, सीलंट बसतं, चाकं मित्राकडेच राहू द्या.

प्रश्न : मागचं चाक परत विणायचंच आहे, आरे सारखे तुटतात. विणणारा म्हणतो अ‍ॅल्युमिनियमचे निपल आणि बटेड स्पोक घाला, वजन बरंच कमी होईल. माझं वजन ९५. तो २८ आऱ्यांचा हब पण दाखवतोय. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : बटेड स्पोक घाला, निपल पितळेचेच ठेवा, आणि २८ चा हब त्याला परत द्या.

बटेड म्हणजे दोन्ही टोकांना २ मिली आणि मधे १.८. दोन्ही चाकांत मिळून साठएक ग्रॅम वाचतात, त्यासाठी घ्या असं मी म्हणणार नाही, पण तुमचा आरा तुटतो कुठे, तर हबजवळ, वाकतो तिथे, बरोबर ना? मधला पातळ भाग थोडा ताणतो आणि वाकणावरचा ताण कमी होतो, म्हणून हलका असून तो जास्त टिकतो. सायकलमध्ये हलकं आणि टिकाऊ एकत्र फार कमी ठिकाणी मिळतं. आणि विणणाऱ्याला ताण सारखा द्यायला सांगा, सारखे आरे तुटायचं निम्मं कारण ढिले आरे असतात.

अ‍ॅल्युमिनियमच्या निपलने दोन चाकांत चाळीसएक ग्रॅम वाचतील, पण समुद्राच्या हवेत ते स्टीलच्या आऱ्याला धरून पांढरे पडतात आणि वर्षा-दोन वर्षांनी आउट काढायला गेलात की पान्यात निपलचा भुगा येतो. चिपळूणच्या वरच्या अंगाला राहत असता तर एकवेळ विचार केला असता. नेहमीच्या ३२ ऐवजी २८ आरे म्हणजे एका चाकामागे चार कमी, तीसएक ग्रॅम, तेवढ्यासाठी ९५ किलो वजनाला चार आधार कमी करायचे?

प्रश्न : उताराच्या रेसवाले टायरच्या आत फोमची नळी घालतात असं बघितलं. मग आम्ही वजन कमी करतोय आणि ते वाढवतायत, नेमकं खरं काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही. त्या नळीला इन्सर्ट म्हणतात, चाकामागे शंभर-दोनशे ग्रॅम सहज वाढतात, आणि ते लोक ते मुद्दाम वाढवतात कारण उतारावर दगडाने रिम चेपली की रेस तिथेच संपली. वर चढायला त्यांना गाडी नाहीतर रोपवे असतो. तुम्ही चढून जाणार असाल तर इन्सर्टच्या नादी लागू नका, फारच दगडधोंड्यात उतरत असाल तर फक्त मागच्या चाकात घाला, रिम बहुतेक मागचीच जाते.

प्रश्न : मुलाची २६ इंची आहे, लोखंडी रिम, व्ही ब्रेक, तो म्हणतो जड लागते. नवीन घ्यायची नाहीये, दोन वर्षांत त्याला मोठीच लागणार. (एक पालक, नागपूर)

उत्तर : लोखंडी रिम जड असते हे एक, पण पावसात तिच्यावर ब्रेक पण नीट लागत नाही, त्यामुळे खर्च करायचाच तर दुहेरी भिंतीच्या अलॉय रिमवर करा, ब्रेकसाठी करा, वजन आपोआप उतरेल. मापाचं बघून घ्या, टायरवर ५५९ आकडा असेल तर नेहमीची २६ ची रिम चालेल. व्ही ब्रेक असल्यामुळे टीपीयू ट्यूब नको, उतारावर ब्रेक घासून रिम तापते आणि काही टीपीयू ट्यूबना ते सोसत नाही. आणि सगळ्यात आधी दोन्ही टायर उघडून आत बघा, पंक्चरवाल्याने कधीतरी घातलेला गेटर (टायरच्या आत ठेवलेला जाड तुकडा) किंवा जुन्या ट्यूबची पट्टी सापडेल. टायर फाटलेला असेल तर टायर बदला, नसेल तर ती पट्टी काढून फेका, यात खर्च शून्य. हवा पण बघा, मुलांच्या सायकली निम्म्या वेळा हवा कमी म्हणूनच जड लागतात.