लेवीय १६ मध्ये बकरे दोन का, आणि येशू त्यांतला नेमका कोणता?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. बायबलच्या लेवीय पुस्तकात सांगितलेल्या प्रायश्चित्ताच्या दिवशी (यहुद्यांचा योम किप्पूर) त्याच लोकांच्या पापांसाठी एक बकरा मारायचा आणि दुसरा जिवंत सोडायचा, असं का? आणि उपदेशात ‘यात येशू दिसतो’ म्हणतात, तो कुठल्या बकऱ्यात?

पहिल्याचं उत्तर असं की दोघांची कामं वेगळी आहेत. मारलेल्या बकऱ्याच्या रक्तानं जागा शुद्ध होते, जिवंत बकरा पापं वस्तीबाहेर नेतो. दुसऱ्याचं उत्तर: नव्या करारात दोन्ही कामं येशूकडे येतात, पण इब्री लोकांस पत्रात जिवंत बकऱ्याचं नावही नाही. ते काम यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या वाटेनं येतं. हे नीट कळायचं तर आधी तो दिवस क्रमानं पाहावा लागतो.

वाचताना पहिली अडचण सहाव्या वचनाशी येते. तिथे अहरोन, म्हणजे पहिला महायाजक, गोऱ्हा अर्पण करतो आणि अकराव्या वचनात पुन्हा तोच गोऱ्हा. दोन गोऱ्हे नाहीत. वचनं ६ ते १० हा आराखडा आहे, प्रत्यक्ष कृती ११ पासून सुरू होते. या अध्यायात एकूण पाच जनावरं आहेत: याजकाच्या स्वतःच्या घराण्यासाठी पापबली (पापाबद्दलचा बळी) म्हणून एक गोऱ्हा आणि होमबली (वेदीवर पूर्ण जाळायचा बळी) म्हणून एक एडका, लोकांकडून पापबली म्हणून दोन बकरे आणि होमबली म्हणून एक एडका. गणना २९:७-११ मध्ये त्याच दिवसासाठी आणखी गोऱ्हा, एडका, सात कोकरं आणि एक बकरा सांगितला आहे. तो सणाचा नेहमीचा बली, तो यात मिसळू नका.

दिवस सातव्या महिन्याचा दहावा. महायाजक स्नान करून साधे तागाचे कपडे घालतो: अंगरखा, चोळणा, कमरबंद, मंदील. एफोद (अंगरख्यावरचं याजकाचं खास वस्त्र), ऊरपट आणि घुंगरं लावलेला निळा झगा त्या वेळी अंगावर नसतो. ‘महायाजक आत मेला तर ओढून काढता यावं म्हणून पायाला दोरी बांधत, आणि घुंगरांचा आवाज थांबला की बाहेरच्यांना कळे’ ही गोष्ट उपदेशात फार ऐकू येते. दोरी ना शास्त्रात आहे, ना मिश्नात (यहुदी धर्मनियमांचा जुना संग्रह). ती मध्ययुगातल्या लिखाणात येते. आणि घुंगरं तर ज्या झग्याला होती तो झगाच काढून ठेवलेला असे.

मग चिठ्ठ्या टाकून एक बकरा परमेश्वरासाठी आणि एक अजाजेलासाठी ठरतो (या शब्दाचा अर्थ पुढे पाहू). गोऱ्हा मारला जातो, पण रक्त लगेच आत जात नाही. आधी वेदीवरचे निखारे धुपाटण्यात भरून आणि दोन्ही ओंजळी भरून बारीक कुटलेला धूप घेऊन महायाजक अंतरपटाच्या, म्हणजे परमपवित्रस्थानापुढच्या पडद्याच्या, आत जातो. धुराच्या ढगानं दयासन (कराराच्या कोशाचं झाकण) झाकलं जावं, नाहीतर तो मरेल, असं वचन १३ स्पष्ट सांगतं. अध्यायाची सुरुवातच नादाब आणि अबीहू या अहरोनाच्या मुलांच्या मृत्यूच्या उल्लेखानं होते, म्हणजे दहाव्या अध्यायातला प्रसंग इथे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. (पुढे मंदिराच्या काळात धूप निखाऱ्यांवर अंतरपटाबाहेरच घालायचा की आत गेल्यावर, यावरून सदूकी आणि परूशी या दोन यहुदी पंथांत चांगलाच वाद होता. परूशी ‘आत’ म्हणत.)

त्यानंतर गोऱ्ह्याचं रक्त बोटानं दयासनावर पूर्वेच्या बाजूला आणि त्याच्यासमोर सात वेळा शिंपडायचं. मग लोकांचा बकरा मारून त्याचंही रक्त तसंच. मग दर्शनमंडपात (पडद्याबाहेरच्या पवित्रस्थानात), आणि शेवटी वेदीच्या शिंगांना (कोपऱ्यांवरच्या उंचवट्यांना) दोन्ही रक्तं लावून वेदीवर सात वेळा. ही वेदी कोणती यावर एकमत नाही: मिश्ना आतली सोन्याची धूपवेदी म्हणते, आजचे बरेच अभ्यासक अंगणातली होमवेदी म्हणतात. दिशा मात्र दोन्ही मतांत तीच, आतून बाहेर.

आता वचन १६ सावकाश वाचा. रक्त कशासाठी? इस्राएल लोकांच्या अशुद्धतेमुळे पवित्रस्थानासाठी प्रायश्चित्त. म्हणजे रक्त जागेला लावलं जातं. लेवीय ४ सोबत ठेवून वाचलं की यामागची मांडणी दिसते. सामान्य माणसानं नकळत पाप केलं तर रक्त अंगणातल्या होमवेदीच्या शिंगांना. महायाजकानं किंवा सगळ्या मंडळीनं केलं तर रक्त मंडपात जातं, अंतरपटासमोर सात वेळा शिंपडतात आणि धूपवेदीच्या शिंगांना लावतात. आणि वर्षातून एकदा, थेट परमपवित्रस्थानात. पाप जितकं मोठं किंवा जितकं साठलेलं, तितका त्याचा मळ आत शिरतो, आणि तितकंच आत रक्त न्यावं लागतं. पवित्र देव या लोकांच्या मधोमध राहतो आहे. त्याचं राहणं टिकावं म्हणून ती जागा दरवर्षी धुऊन काढायची.

इथेच बहुतेकांची चूक होते. आपण धरून चालतो की हात ठेवला की पाप जनावरात गेलं आणि मग पापासकट जनावर मारलं. पण नेहमीच्या बलीवर अर्पण करणारा एक हात ठेवतो आणि तिथे पाप जनावरावर घालण्याची भाषा नाही. उलट लेवीय ६:२५-२९ मध्ये पापबलीचं मांस परमपवित्र म्हटलं आहे आणि ज्याचं रक्त मंडपात नेलेलं नाही त्या पापबलीचं मांस याजकांनी पवित्र जागी खायचं आहे. पापानं भरलेलं मांस असतं तर हे चाललं नसतं.

जिवंत बकऱ्याचं उलट आहे. त्याच्या डोक्यावर अहरोन दोन्ही हात ठेवतो, लोकांचे अधर्म, अपराध आणि पापं मोठ्यानं कबूल करतो, आणि ती बकऱ्याच्या डोक्यावर ठेवली असं वचन २१ शब्दांत सांगतं. मग नेमलेला माणूस त्याला निर्जन प्रदेशात नेऊन सोडतो. त्या माणसाला परत छावणीत येण्याआधी कपडे धुऊन अंघोळ करावी लागते. या कबुलीत बंडखोरीचे अपराधही आहेत, हे महत्त्वाचं. कारण गणना १५:३० प्रमाणे जाणूनबुजून, हात उगारून केलेल्या पापाला वैयक्तिक बली नव्हता. या दिवशी सबंध लोकांचं तेही वाहून नेलं जाई. लेवीयात बकरा फक्त सोडायचा आहे. मिश्नाच्या काळापर्यंत त्याला कड्यावरून ढकलत, बहुधा तो हिंडत परत वस्तीत येऊ नये म्हणून.

अजाजेल म्हणजे काय यावर दोन हजार वर्षं चर्चा चालू आहे: रानातली जागा, एखादा दुष्टात्मा, की नुसतं ‘निघून जाणारा बकरा’. माझा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे, कारण चिठ्ठ्यांत ‘परमेश्वरासाठी’ याच्या समोर तोलाचं नाव हवं. पण त्यातून अजाजेलाला नैवेद्य दिला असं होत नाही. हा बकरा मारलाच जात नाही, आणि लगेच पुढच्या अध्यायात (१७:७) अजमूर्ती देवतांना बली देण्यास मनाई आहे. पाप जिथलं तिथे परत पाठवलं, एवढंच.

आता ख्रिस्ती वाचन. इब्री लोकांस पत्राचा लेखक ९ व्या आणि १० व्या अध्यायात जवळपास पूर्णपणे रक्ताच्या बाजूनं बोलतो: महायाजक, अंतरपट, आत नेलेलं रक्त. येशू तिथे महायाजकही आहे आणि अर्पणही. तो स्वतःच्या रक्तानं एकदाच आत गेला (९:१२). ९:२३ हे वचन पुष्कळांना विचित्र वाटतं: स्वर्गातल्या गोष्टींना शुद्धी कशाला? लेवीय १६ मध्ये रक्त जागा शुद्ध करतं हे ध्यानात असेल तर ते अजिबात विचित्र नाही. लेखक तेच गणित वरच्या पवित्रस्थानाला लावतो आहे. आणि ९:२८ मध्ये, बाहेर थांबलेले लोक महायाजक परत कधी येतो याची वाट पाहत, तसं ख्रिस्ताचं दुसऱ्यांदा प्रकट होणं येतं.

‘वर्षातून एकदा’ (९:७) याचा अर्थ वर्षातला एक दिवस असा आहे, एकच खेप असा नव्हे. लेवीयातच धूप, गोऱ्ह्याचं रक्त आणि बकऱ्याचं रक्त अशा निदान दोन-तीन खेपा होतात. मिश्नात धुपाटणं आणायला जाण्याची चौथी आहे. लेखकाचा मुद्दा खेपांचा नाही. दरवर्षी पुन्हा करावं लागतं, हाच त्याचा मुद्दा (१०:१-४): जे दरवर्षी लागतं ते पापाची आठवण करून देतं, पाप काढून टाकत नाही.

पापं वाहून नेण्याचं काम वेगळीकडून येतं. यशया ५३ मध्ये सेवकावर सगळ्यांचा अधर्म लादला जातो आणि तो पुष्कळांचं पाप वाहतो. इब्री ९:२८ आणि १ पेत्र २:२४ यांत तेच शब्द घुमतात. बकरा म्हणून येशूचा थेट उल्लेख नव्या करारात नाही. बर्णबाच्या नावानं चालत आलेल्या जुन्या पत्रात (७ वा अध्याय) आणि दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणात मात्र दोन्ही बकरे येशूला लावलेले दिसतात. म्हणजे हे वाचन जुनं आहे, पण ते शास्त्रातलं वाक्य म्हणून सांगू नये.

सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीत अजाजेलाचा बकरा म्हणजे सैतान, शेवटी दोषाची जबाबदारी त्याच्या माथी, असं शिकवतात. मला ते पटत नाही, कारण वचन ५ मध्ये दोन्ही बकरे मिळून एकच पापबली आहेत.

आणखी दोन गल्लती. एक, ‘छावणीबाहेर’. इब्री १३:११-१२ मध्ये येशूनं वेशीबाहेर दुःख सोसलं असं आहे, आणि ऐकणारे लगेच जिवंत बकऱ्याकडे जातात. पण लेखक बोलतो आहे ते मारलेल्या गोऱ्ह्याच्या आणि बकऱ्याच्या देहांबद्दल: ज्यांचं रक्त आत नेलं त्यांचं कातडं, मांस आणि शेण छावणीबाहेर नेऊन जाळतात (लेवीय १६:२७). दोन, वल्हांडणाचं (मिसरातून सुटकेच्या सणाचं) कोकरू. ते पहिल्या महिन्यातलं, सुटकेचं जेवण आहे, पापबली नाही. येशू मेला तो वल्हांडणाच्या दिवसांत, प्रायश्चित्ताच्या दिवशी नव्हे. तो दिवस शरद ऋतूत येतो. प्रेषितांची कृत्ये २७:९ मध्ये पौलाच्या जहाजप्रवासात ‘उपास’ होऊन गेला होता म्हणून समुद्र धोक्याचा झाला असं आहे, तो उपास म्हणजे हाच दिवस.

इ. स. ७० मध्ये मंदिर पडल्यावर यहुदी लोकांनी बलीची जागा उपास, प्रार्थना आणि पश्चात्तापाला दिली. आपल्या कोकणातले बेने इस्राएल (मराठी बोलणारे यहुदी) हा दिवस पिढ्यान्‌पिढ्या दारं लावून घेऊन, उपास धरून पाळत आले. तेव्हा ‘बली नाही म्हणजे यहुद्यांना क्षमा नाही’ असं सहज बोलून जाऊ नका. ते लेवीयाचं वेगळं वाचन करतात, आणि होशेय ६:६ (यज्ञ नको, दया हवी) त्यांच्याही हातात आहे.

वाचायचं असेल तर क्रम असा धरा: लेवीय ४, ६:२४-३०, १०:१-३, मग १६ आणि १७:११, नंतर गणना १५:२२-३१, यशया ५३, आणि इब्री ८ ते १०, १३:१०-१२. लेवीय १६ वाचताना कागदावर तीन चौकटी काढा, परमपवित्रस्थान, पवित्रस्थान आणि अंगण, आणि प्रत्येक वचनाला रक्त कुठे आहे ते लिहीत जा. जिवंत बकरा तिन्ही चौकटींच्या बाहेर जाताना दिसेल.