काकापो पोपटाला पकडून पिंजऱ्यात त्याची पैदास का करत नाहीत?

न्यूझीलंडचे काकापो जेमतेम अडीचशे उरले असतील, तर सगळे पकडून सुरक्षित पिंजऱ्यात त्यांची पैदास का करत नाहीत, असे आपण विचारले आहे. सरळ उत्तर असे, की पिंजऱ्यात या पक्ष्याची वीण आजवर झालेलीच नाही. रिमू नावाच्या वृक्षाला भरघोस फळे धरतात, त्याच वर्षी, म्हणजे साधारण दोन ते चार वर्षांतून एकदा, माद्या अंडी घालतात. बाकीच्या वर्षी काहीही केले तरी उपयोग होत नाही.

हा पोपट उडत नाही. धोका जाणवला की तो हिरव्या शेवाळासारखा जागच्या जागी थिजतो. वरून नजरेने शिकार टिपणाऱ्या गरुडापुढे ही युक्ती चालत असे. माणसाबरोबर आलेली मांजरे, उंदीर आणि मुंगसाच्या चणीचे स्टोट मात्र वासावर येतात, आणि काकापोच्या अंगाला तर गोडसर वास असतो. न्यूझीलंडचे पक्षिसंरक्षक रिचर्ड हेन्री यांनी १८९४पासून शेकडो काकापो तेव्हा स्टोट नसलेल्या रिझोल्यूशन बेटावर हलवले, पण काही वर्षांतच स्टोट पोहत तिथेही पोहोचले.

१९९५ साली केवळ ५१ पक्षी उरले होते. तेव्हापासून शिकारी प्राणी हटवलेल्या बेटांवर एकेका पक्ष्याचा हिशेब ठेवला जातो: प्रत्येकाच्या पाठीवर ट्रान्समीटर असतो, आणि गरज पडल्यास अंडी उबवणी यंत्रात नेऊन घरट्यात नकली अंडे ठेवले जाते. मला यातली सर्वांत उद्बोधक वाटते ती चूक. वीण वाढावी म्हणून माद्यांना पूरक खाद्य भरपूर दिले गेले, पण धष्टपुष्ट माद्यांना नर पिल्लेच अधिक होतात असे आढळले, आणि मुळातच माद्या कमी असलेल्या जातीला ते परवडणारे नव्हते. मग वजन पाहून खाद्य मोजून देऊ लागले. २००२च्या हंगामात २४ पिल्ले वाचली, त्यांत माद्या अधिक होत्या.

आता ही बेटे अपुरी पडू लागली आहेत. म्हणून २०२३ साली काही नर मुख्य भूमीवरील माउंगाटाउटारी अभयारण्यात, शिकारी प्राण्यांना आत येऊ न देणाऱ्या कुंपणाआड सोडले. त्यांपैकी काही, उडता येत नसूनही, चढण्यात पटाईत असल्यामुळे कुंपण ओलांडून बाहेर निघाले आणि त्यांना शोधून आणावे लागले.