पॅलेटचा हिशेब: नव्या नेमबाजांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या घरी बागायतीच्या रक्षणासाठी परवान्याची बारा बोरची बंदूक आहे. काडतुसं महाग पडतात. परदेशात लोक रिकामी काडतुसं घरीच पुन्हा भरतात, तसे व्हिडिओ पाहिले. नवशिक्याला त्याचं सामान स्वस्तात कुठे मिळेल? नेमबाजीचा सरावही करायचा आहे. (एक वाचक, डिचोली)

उत्तर: सामान शोधूच नका. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि काडतूस बनवायचा वेगळा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ विनापरवाना दारूगोळा तयार करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली त्याची शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप आहे. चार पैसे वाचवण्यासाठी एवढी जोखीम कोणी घेऊ नये. शिवाय परदेशात हा उद्योग परवडतो तो हजारोंनी फैरी झाडणाऱ्याला. आपल्याकडे परवान्यावरच एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं, हे लिहिलेलं असतं. एवढ्याशा संख्येत यंत्राचे पैसेही सुटायचे नाहीत. परवानाधारक विक्रेत्याकडून खडकीच्या कारखान्यातली काडतुसं घ्या आणि कोरड्या जागी कुलपात ठेवा.

सरावासाठी बारा बोर हवीच कशाला? १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल घ्या. बोर ४.५ मिमी आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. विक्रेता ओळखपत्र घेऊन नोंद करतो, एवढंच. स्पर्धेच्या रायफलमधून साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा, म्हणजे नेमबाजांच्या भाषेत पॅलेट, सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. ही ऊर्जा साडेसात ज्यूलच्या घरात येते. खर्च काय तो पॅलेटचा. तो कसा आवरायचा, ते पुढच्या उत्तरात वाचा.

प्रश्न: मुलगी आठवीत आहे, नुकतीच एअर रायफल शिकायला लागली. कोणी म्हणतं जर्मन पॅलेटच घ्या, कोणी म्हणतं काहीही चालेल. महिन्याला किती डब्या लागतील? (एक पालक, फोंडा)

उत्तर: आधी संख्या बघू. स्पर्धेत ६० फैरी असतात. त्याआधीच्या चाचणीच्या १५-२० धरल्या तर एका पूर्ण सरावाला ८० पॅलेट. आठवड्याला तीन सराव म्हणजे २४०, महिन्याला ९६०. डबी ५०० ची येते, म्हणजे दोन डब्या. दुकानदार किंमत डबीची सांगतो, तुम्ही तिला ५०० ने भागा. काही डब्यांत कमी नग असतात, म्हणून संख्या वाचून मगच तुलना करा.

आता दर्जाचं. रायफलच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ म्हणजे अवघा ०.५ मिमीचा ठिपका. पॅलेटची कड त्याला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. हिशेब केला तर सगळ्या दहा मिळवायला फैरींची भोकं मिळून ९.५ मिमीच्या गोलात मावायला हवीत, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. चांगलं पॅलेट पक्क्या बसवलेल्या रायफलमधून यात सहज मावतं, स्वस्त पॅलेट मावेलच असं नाही. पण लेकीच्या फैरी अजून सात-आठच्या वर्तुळात पडत असतील, तर पॅलेटमुळे होणारा मिलिमीटरभराचा फरक तिच्या हातांच्या हालचालीत बुडून जातो. तोवर आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी किंवा गामो यांपैकी कोणाचंही सपाट तोंडाचं, सरावाच्या दर्जाचं पॅलेट घ्या. नऊच्या आत नियमित येऊ लागली की मॅच दर्जाचं, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचं घ्या, तेही स्पर्धेआधी दोनेक आठवडे. पॅलेट बदललं की फैर पडायची जागा सरकते, म्हणून साईट, म्हणजे नेम धरायची खूण, पुन्हा लावावी लागते. स्पर्धेच्या सकाळी नवी डबी उघडणं टाळा.

मॅच पॅलेट निवडताना डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे दिसतील. हे पॅलेटच्या डोक्याचं माप. मोठं ते चांगलं, असं काही नाही. तुमच्या बॅरलला, म्हणजे रायफलच्या नळीला, कुठलं बसतं, ते बॅरलच सांगतं. तिन्ही मापांची एकेक डबी दोन-तीन जणांनी मिळून घ्या. रायफल शिकंज्यात बसवा, शिकंजा नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर घट्ट ठेवा. माप बदललं की पहिल्या पाच फैरी सोडून द्या, मग कोऱ्या पुठ्ठ्यावर दहा झाडा. भोकांच्या समूहाची सर्वांत लांबची बाहेरची कड ते कड मोजा. ज्याचा समूह लहान, ते माप तुमचं. मग डबीवरचा बॅच क्रमांक टिपून त्याच बॅचच्या जास्त डब्या एकदम मागवा. एकाच कंपनीचं, त्याच मापाचं पॅलेट दुसऱ्या बॅचमध्ये वेगळं वागू शकतं. गोव्यात माल बहुधा मुंबई-पुण्याहून कुरिअरने येतो, त्यामुळे चार घरांनी एकत्र मागवला तर पाठवणीचा खर्च विभागला जातो.

पैसे वाचवायचा सर्वांत मोठा मार्ग मात्र फुकट आहे. स्पर्धेच्या रायफलींना पॅलेटशिवाय ट्रिगर ओढायची सोय असते. नवशिक्याने निम्मा सराव तसाच केला तर दोनाऐवजी एका डबीत महिना भागतो, आणि ट्रिगर ओढताना रायफल हलते ती चूकही तेव्हाच डोळ्यांना दिसते. नेमबाजीच्या खास जॅकेट-पँटची घाई नको, मुलगी अजून वाढते आहे. आधी हातमोजा घ्या.

प्रश्न: एअर पिस्तूल शिकतोय. बाजारात टोकदार पॅलेट स्वस्त मिळतात. चालतील का? (म्हापसा)

उत्तर: टोकदार किंवा गोल तोंडाची नकोत. पुठ्ठ्यात ती फाटकं, वेडंवाकडं भोक पाडतात आणि गुण मोजता येत नाहीत. सपाट तोंडाचं पॅलेट स्वच्छ गोल कापतं. पण महागडं मॅच पॅलेट घ्यायची गरज तुम्हाला रायफलवाल्यांपेक्षा खूपच कमी. पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं असतं, म्हणजे सगळ्या दहांसाठी २०.५ मिमीचा गोल मिळतो. साधं सपाट पॅलेटही त्यात बसतं. वाचलेले पैसे पुठ्ठ्यांवर आणि हवा भरण्यावर घाला.

प्रश्न: जूननंतर डबीतली पॅलेट पांढरट होतात, हाताला भुकटी लागते. पुसून वापरू का? (काणकोण)

उत्तर: नाही. ती शिशाची गंजलेली भुकटी आहे आणि विषारी आहे. फुंकू नका, घासू नका, तसली पॅलेट बाजूला काढा. दमट हवेत शिसं गंजतंच, त्यात लाकडी कपाट आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून निघणारे आम्ल वायू भर घालतात. डब्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पावसाळ्यात एका वेळी एकच डबी फोडा.

पॅलेट काढताना डबीत बोटं खुपसू नका. मागचा पोकळ झगा इतका मऊ असतो की बोटाच्या दाबानेही चेपतो, आणि मग हवा एका बाजूने निसटून फैर भरकटते. वीसेक पॅलेट उथळ वाटीत ओता. शंका असली तर काचेवर घरंगळवा: चेपलेलं पॅलेट डुलत जातं. कुरिअरने आलेल्या डबीत अशी बरीच निघाली तर डबी आपटलेली आहे, परत करा. भरताना पॅलेट ओठांत धरायची खोड काही जणांना असते, ती मुलांना लागू देऊ नका. सराव संपला की साबणाने हात धुवा, मगच खाण्याचा डबा उघडा.

प्रश्न: जुनी हवेच्या सिलिंडरची रायफल स्वस्तात मिळते आहे. काय तपासू? घरी हातपंपाने हवा भरली तर? (मडगाव)

उत्तर: आधी सिलिंडरवर ठोकलेली तारीख. मॅच रायफलच्या सिलिंडरला साधारण दहा वर्षांची मुदत असते. ती उलटलेली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा करूनच बोला. मुदतीत असेल तर मग २०० बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचं माप) भरून दाबाचा काटा टिपा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहा. काटा उतरला असेल तर बहुतेक वेळा रबरी रिंग गेलेली असते. जोडावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडा दिसतो. रिंग किरकोळ किमतीची, पण गळती सिलिंडरच्या झडपेतूनच असेल तर सौदा सोडा. तेल मात्र सिलिंडरच्या आट्यांना कधीच लावू नका. दाबाखालची हवा आणि तेल एकत्र आले की पेट घ्यायचा धोका असतो.

हातपंप आपल्या हवेला मानवत नाही. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि आतून गंज चढतो. किनाऱ्यावरच्या स्कूबा डायव्हिंगवाल्यांचे कॉम्प्रेसर गाळलेली, कोरडी हवा देतात. एक डायव्हिंग टाकी आणि योग्य अडॅप्टर मित्रांत मिळून घ्या. भरताना झडप हळूच उघडा. भसकन भरली की सिलिंडर तापतो आणि थंड झाल्यावर काटा खाली येतो, मग गळती आहे असं उगाच वाटतं.

प्रश्न: लक्ष्याचे कागद झेरॉक्स करून वापरले तर? (पेडणे)

उत्तर: पातळ कागदावर नको, भोक फाटतं. जाड कार्डशीट घ्या आणि पहिली प्रत पट्टीने मोजा: रायफलचं काळं वर्तुळ ३०.५ मिमी, पिस्तुलाचं ५९.५ मिमी. झेरॉक्स यंत्र नकळत दोन-तीन टक्के आकसवतं, म्हणून ‘फिट टू पेज’ बंद ठेवायला सांगा. सरावात एका रायफल पुठ्ठ्यावर पाच फैरी चालतील, त्याहून जास्त झाल्या की भोकं एकात एक मिसळतात. मागे चिऱ्याची भिंत असली तरी पॅलेट थेट तिच्यावर झाडू नका, परत उडतं. लोखंडी पेटीत पत्रा खालच्या बाजूला तिरका बसवा, म्हणजे शिसं पेटीतच गोळा होतं आणि भंगारातही घालता येतं.