टेस्ट १४, निकाल २८

प्रश्न : आमचा प्रोजेक्ट टाइपस्क्रिप्टमध्ये आहे. कोड ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये असतो, कंपाइल झालेली जावास्क्रिप्ट ‘डिस्ट’मध्ये जाते. टेस्ट चालवणारं जेस्ट आणि त्याला टाइपस्क्रिप्ट समजावं म्हणून टीएस-जेस्ट बसवलंय. टेस्ट लिहिल्या १४, जेस्ट मोजतं २८. एक टेस्ट नापास होत होती म्हणून कोड दुरुस्त केला, तर आता तीच टेस्ट एकदा पास, एकदा नापास दिसते. कॅशे साफ करूनही फरक नाही.

उत्तर : कॅशेचा यात दोष नाही. ‘एनपीएक्स जेस्ट --लिस्टटेस्ट्स’ ही कमांड द्या. ती टेस्ट चालवत नाही, जेस्टने कोणत्या फाइली उचलल्या तेवढं छापते. त्यात ‘एसआरसी/बिल.टेस्ट.टीएस’ दिसेल आणि तिची जुळी ‘डिस्ट/बिल.टेस्ट.जेएस’ही दिसेल.

टीएससी हा कंपाइलर टेस्टच्या फाइलीही कंपाइल करून डिस्टमध्ये टाकतो. जेस्ट नावाच्या शेवटी ‘.टेस्ट’ किंवा ‘.स्पेक’ असलेल्या टीएस आणि जेएस अशा दोन्ही फाइली उचलतं. आपणहून वगळतं ते फक्त नोड-मॉड्यूल्स, म्हणजे बाहेरून आणलेल्या पॅकेजांचा फोल्डर. डिस्टमधली प्रत मागच्या बिल्डची, म्हणून तुमची दुरुस्ती तिथे पोचलेलीच नाही. शिवाय टीएससी डिस्टमधल्या जुन्या फाइली काढत नाही. तुम्ही कधीच डिलीट केलेली टेस्टसुद्धा तिथे जिवंत राहते आणि इमानेइतबारे चालते.

जेस्टच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘रूट्स’ ही की घाला आणि तिच्या यादीत ‘<रूटडिर>/एसआरसी’ एवढंच ठेवा (रूटडिर म्हणजे प्रोजेक्टचा मूळ फोल्डर). टेस्टचा वेगळा फोल्डर असेल तर तोही लिहा, नाहीतर एकही टेस्ट सापडणार नाही आणि जेस्ट एक्झिट कोड १, म्हणजे अपयशाची खूण, देऊन थांबेल. तो थांबू नये म्हणून ‘--पासविथनोटेस्ट्स’ लावायचा मोह टाळा. एकही टेस्ट न चालता सर्व्हरवरचा बिल्ड हिरवा दिसू लागतो. बरेच जण ‘टेस्टपाथइग्नोरपॅटर्न्स’मध्ये डिस्ट लिहितात. तेही चालतं, पण तुमची यादी मूळ यादीची जागा घेते. म्हणून तिच्यात नोड-मॉड्यूल्सही पुन्हा लिहा.

आता कंपाइलरची बाजू. टेस्ट फाइली मुख्य टीएसकॉन्फिगमधून, म्हणजे कंपाइलरच्या सेटिंगच्या फाइलीतून, वगळू नका, एडिटरला त्यांचे टाइप तपासायला ती फाइल लागते. शेजारी ‘टीएसकॉन्फिग.बिल्ड.जेसन’ करा, ‘एक्स्टेंड्स’ने मूळ फाइल जोडा आणि ‘एक्स्क्लूड’मध्ये ‘**/*.टेस्ट.टीएस’ लिहा. इथेही तीच खोच आहे : नवी एक्स्क्लूड यादी मूळ यादीत मिसळत नाही, तिला पुसून टाकते. म्हणून नोड-मॉड्यूल्स आणि डिस्ट दोन्ही परत लिहा. मग बिल्ड ‘टीएससी -पी टीएसकॉन्फिग.बिल्ड.जेसन’ने करा. पॅकेज.जेसनमध्ये ‘प्रीबिल्ड’ नावाची स्क्रिप्ट घालून तिच्यात डिस्ट पुसणारी ‘रिमराफ डिस्ट’ ही कमांड ठेवा. एनपीएम हा पॅकेज मॅनेजर ती स्क्रिप्ट प्रत्येक बिल्डआधी आपोआप चालवतो, आणि रिमराफ विंडोजवरही चालतं.

प्रश्न : एसआरसीसाठी आम्ही ‘@/’ हे लघुरूप ठेवलंय. त्याने सुरू होणारे इम्पोर्ट टीएससीला चालतात, जेस्ट मात्र मॉड्यूल सापडत नाही म्हणतं.

उत्तर : टीएसकॉन्फिगमधलं ‘पाथ्स’ फक्त कंपाइलरसाठी आहे, जेस्ट ते वाचत नाही. ‘मॉड्यूलनेममॅपर’मध्ये डावीकडे ‘^@/(.*)$’ आणि उजवीकडे ‘<रूटडिर>/एसआरसी/$१’ लिहा, हा १ फाइलमध्ये इंग्रजी अंकात टंकायचा. ‘@’नंतरची तिरकी रेघ विसरू नका. ती सुटली तर ‘@बेबल/कोअर’सारखी पॅकेजंसुद्धा जेस्ट एसआरसीमध्ये शोधत बसतं.

प्रश्न : टीएस-जेस्ट संथ वाटलं म्हणून त्याच्या जागी बेबल हा दुसरा कंपाइलर लावला. आता टेस्ट पास होतात आणि बिल्डमध्ये टाइपच्या चुका निघतात.

उत्तर : बेबल टाइप तपासत नाही, नुसते काढून टाकतं. आकड्याच्या जागी स्ट्रिंग दिली तरी ते गप्प राहतं. वेगासाठी बेबल जरूर ठेवा, पण टेस्टच्या स्क्रिप्टमध्ये आधी ‘टीएससी --नोएमिट’ आणि त्यापुढे ‘&&’ देऊन जेस्ट लिहा. टाइप चुकला की जेस्ट सुरूच होणार नाही. फाइल सेव्ह होताच टेस्ट चालवणाऱ्या ‘--वॉच’ची स्क्रिप्ट वेगळी करा आणि तिच्यात टीएससी घालू नका, नाहीतर बेबलने वाचवलेला वेळ पुन्हा तिथेच जाईल.